पडवीतला नवा बोर्ड

सासूबाईंना करंट बसला तो आषाढातला दिवस. आठवडाभर पाऊस उघडला नव्हता आणि घरभर ओल्या कपड्यांचा कुबट वास भरून राहिला होता. पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लोखंडी तार बांधलेली होती, पावसाळ्यात कपडे तिच्यावरच वाळत घालायचो. मी माजघरात उखळात दाणे कुटत होते. पडवीत बालदी पडल्याचा आवाज आला आणि त्यामागून काहीच आवाज आला नाही. बालदी पडली तर सासूबाई एवढा वेळ गप्प राहणाऱ्या नव्हत्या, म्हणून मी बाहेर आले.

त्या तारेला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. तोंड उघडं होतं, डोळे माझ्याकडे लागलेले होते आणि अंग बारीक थरथरत होतं. क्षणभर मला वाटलं, त्या मला हाक मारतायत. मग कळलं. माझ्या हातात मुसळ तसंच होतं. विचार असा काही केला नाही. मुसळ उचललं आणि तारेवर घातलं. तार खिळ्यावरून सुटली, खाली आली, आणि तिच्याबरोबर सासूबाईही खाली आल्या.

वाचल्या. महिनाभर उजव्या हाताची बोटं बधिर होती, भाकरी थापता येत नव्हती. पण त्यानंतर त्यांनी घरातल्या कुठल्याच बटणाला हात लावला नाही. संध्याकाळी दिवा लावायचा झाला तर मला हाक मारायच्या, मी शेतावर असले तर अंधारात बसून राहायच्या.

आमचं घर खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. मी कर्जतची. लग्न होऊन आले तेव्हा गावात वीज येऊन काही वर्षं झाली होती आणि आमच्या पडवीत लाकडी पाटावर बसवलेला बोर्ड होता. चिनी मातीचे पांढरे फ्यूज, काळी गोल बटणं, मधोमध सासूबाईंनी लावलेलं कुंकू. गावात पहिल्या फेरीत ज्यांच्याकडे वीज आली त्यांत आमचं घर होतं, आणि ती सासऱ्यांनी तालुक्याला खेपा घालून आणवली होती. त्या बोर्डाचा त्यांना अभिमान होता. पाहुणा आला की त्याची पाठ बोर्डाकडे होणार नाही अशा बेतानं चटई टाकायचे.

माझे यजमान वायरमनचं काम शिकलेले. आधी खोपोलीला एका कारखान्यात होते. लग्नानंतर काही महिन्यांतच त्यांना आखातात नोकरी लागली आणि ते गेले. दोन वर्षांनी एकदा सुटी. तेव्हा आमच्या भागातून एकेक जण असाच जात होता, आणि मागं राहिलेल्या बायकांना कसं वाटतं हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. पैसे येतायत ना, मग झालं.

करंटची गोष्ट त्यांना कळवायची नाही, असं सासऱ्यांनी ठरवलं. "तिथं एकला हाय त्यो. उगी जिवाला घोर लावू नका," असं म्हणाले. मी मान हलवली, आणि दोन दिवसांनी लिहिलं. आमचा संसार म्हणून जे काही होतं ते तेव्हा पत्रातच होतं. तिथंही लपवालपवी केली असती तर उरलं काय असतं?

त्यांची पत्रं एरवी सासऱ्यांच्या नावानं यायची. सासरे ती पडवीत बसून मोठ्यानं वाचायचे आणि शेवटी माझ्यासाठी एक ओळ असायची, तिला म्हणावं तब्येत सांभाळ. या वेळी पहिल्यांदाच माझ्या नावाचं पाकीट आलं. पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं तेव्हा माझे कान गरम झाले. मी ते ओच्यात खोवून विहिरीवर गेले आणि रहाटाच्या खांबाला टेकून उघडलं.

आत सगळे प्रश्न होते. बोर्डामागं लाकूड आहे की भिंत? खांबावरून येणारी वायर कौलांना टेकते का? फ्यूजमध्ये तार कोण घालतं, केवढी जाड? विहिरीच्या पंपाची लाइन कुठून गेली आहे? घराचा नकाशा काढ आणि वायरी जिथून जातात तिथं रेघ मार. आणि शेवटी, मी येईपर्यंत पडवीची लाइन बंद ठेवा, ती तार पुन्हा बांधू नका.

मी पत्र उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. खोटं कशाला सांगू, रडू आलं मला. पण दुसऱ्या दिवसापासून मी घरात मान वर करून हिंडायला लागले. वायर कुठून निघते, कुठं वळते, कुठल्या तुळईच्या आड जाते. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, वर काय बघतंस? पाल हाय का?" मी कागदावर घर काढलं. पडवी, माजघर, स्वयंपाकघर, देवाची खोली, न्हाणी. काढता काढता लक्षात आलं की या अख्ख्या घरात आमच्या दोघांची अशी खोलीच नव्हती. ते आले की माजघरात धान्याच्या कणगीआड आमचं अंथरूण पडायचं, ते गेले की मी सासूबाईंच्या शेजारी निजायची. नकाशावर ती कणगीही मी काढली. तिच्यावरून कुठली वायर जात नव्हती, तरी काढली.

त्यांचं उत्तर आलं तेव्हा पहिली ओळ होती, "नकाशा फार चांगला काढला आहेस." तेवढ्यावर माझा श्रावण गेला.

ते भाद्रपदाच्या शेवटी आले. गणपती संपले होते, भात पोटऱ्यात आलं होतं. खोपोलीहून भाड्याच्या जीपमधून उतरले तेव्हा अर्धा गाव आमच्या अंगणात होता. आखातातून माणूस आला म्हणजे टेपरेकॉर्डर, नायलॉनच्या साड्या, अत्तराच्या बाटल्या, घड्याळं. दोन घरं सोडून एका शेतकऱ्याचा मुलगा आदल्या वर्षी आला होता, त्यानं आईसाठी मिक्सर आणला होता. आमच्या पडवीत बायका पदर सावरून बसल्या आणि सासूबाईंनी मोठी बॅग मध्ये ओढली.

वर टॉवेल निघाले. टॉवेलांत गुंडाळलेली एक करड्या रंगाची पत्र्याची पेटी निघाली, झाकणाला काच असल्यासारखी. पेटीत काळ्या खटक्यांची रांग. मग वायरींची भेंडोळी, लाल, काळी, हिरवी. मग पितळी स्क्रूंची पुरचुंडी. सासऱ्यांना एक टॉर्च आणि सासूबाईंना मऊ सपाता होत्या. बाकी काही नाही.

"ह्ये काय रं?" सासूबाईंनी विचारलं.

"बोर्ड हाय, आई. नवा. विमानतळावर साहेबानं पण हेच विचारलं. मी सांगितलं, घरच्यांसाठी आणलाय."

बायका एकमेकींकडे पाहत उठल्या. एक जण जाता जाता म्हणाली, "नवरा आला, इजेचं डबडं घेऊन आला." मी ते टॉवेल गोळा केले आणि आत नेऊन घड्या घालत बसले. त्यांना तिकडच्या कसल्याशा साबणाचा वास होता. घड्या झाल्या तरी मी त्या पुन्हा मोडून पुन्हा घातल्या.

काम सुरू व्हायच्या आधीच वाद झाला. पितृपंधरवडा लागला होता. सासरे म्हणाले, "पितरांच्या दिवसांत घरात नवी वस्त लावत नाय."

"नवी लावत नाही, बाबा. जुनी काढतो. काढायला चालतं ना?"

"जुनी काढायची तरी का? आन् मग घरात उजेड?"

"कंदील आहे की."

"वीज आणायला मी चपला झिजवल्या. आन् तू ती काढून कंदील लावतोस."

बापापुढं यजमान कधी आवाज चढवत नसत. त्यांनी लाइनमनला निरोप धाडला. तो सायकलवरून आला, खांबावर चढला आणि वरूनच आमच्या घराची वीज तोडली. मीटरला हात लावायचा नाही, ते काम लाइनमनचं, हे दोघांचं आधीच ठरलं होतं. तरी यजमान बोर्डाजवळ गेले नाहीत. टेस्टर घेऊन शेजारच्या घरी गेले, तिथं चालू बटणावर तो लावून पेटतो का पाहिलं, मग आमच्याकडे येऊन लावला. पेटला नाही. पुन्हा शेजारी जाऊन आले. सासरे हे सगळं पाहत होते.

"त्यानं खांबावरनं तोडली, डोळ्यांदेखत तोडली. तरी तुझा इस्वास नाय?"

"त्याच्यावर आहे, बाबा. वायरीवर नाही."

मग कोरड्या पाटावर उभं राहून त्यांनी बोर्डाचे स्क्रू सोडवले. लाकडी पाट भिंतीपासून सुटला आणि मागची बाजू दिसली. लाकूड कोळशासारखं काळं पडलं होतं. वायरींवरचं वेष्टण भाजल्या वांग्याच्या सालीसारखं उचकटून आलं होतं, आणि कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. पाट आणि भिंत यांच्यात कुंकवाची बारीक भुकटी साचली होती. सासूबाईंनी हात जोडले. कुणाला ते मला कळलं नाही.

एक फ्यूज उघडून यजमानांनी तळहातावर धरला. त्यात केसासारखी तार हवी, तिथं जाड तांब्याची तार पिळून घातलेली होती. पंप सुरू केला की फ्यूज सारखा उडायचा, म्हणून ती सासऱ्यांनी घातली होती. घरोघरी तेच करत. यजमानांनी फ्यूज नुसता बाजूला ठेवला. पण सासऱ्यांनी पाहिलं. त्यांनी टोपी घातली आणि शेताकडे निघून गेले, जेवायलाही आले नाहीत.

दुपारी यजमान बांधावर गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला सासऱ्यांनीच पुढं सांगितलं. मुलगा शेजारी बसला आणि म्हणाला, बाबा, मला एक खड्डा पाहिजे, पुरुषभर खोल, आणि अशा जागी की चैत्र-वैशाखातही खालची माती ओली राहील. तुमाला ठाऊक असंल. सासऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "न्हाणीमागं, केळीपाशी. दुसरीकडं कातळ लागंल."

खड्डा त्यांनी स्वतः खणला, कुणाला कुदळ धरू दिली नाही. त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. मीठ पेणच्या मिठागरातलं जाडं, कोळसा डोंगरातल्या कातकऱ्यांच्या भट्टीचा. पाइपापासून एक जाड तार भिंतीवरून बोर्डाच्या जागेपर्यंत नेली. घरातल्या कुठल्याही पत्र्यात, पाइपात वीज शिरली तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता या वाटेनं जमिनीत जावं, असं यजमानांनी समजावलं. सासूबाईंनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हंजी भुताला वाट करून दिली."

"तसंच, आई."

ते अंधाराचे दिवस मला आजही हवेसे वाटतात. आमच्याकडे तिन्हीसांजेला कंदील आणि शेजारी लखलखाट. घराचं काम म्हणून ते दिवसभर घरात असायचे, आणि कामाला दुसरा माणूस लागायचा. तो माणूस मी झाले. स्क्रू दे, पक्कड धर, शिडी धर. सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं म्हणजे तेव्हा चारचौघांत चप्पल घालून देवळात जाण्यासारखं होतं, पण शिडी धरणाऱ्याला बोलावंच लागतं.

पडवी आणि माजघर यांच्यामधली भिंत दीड हात जाड होती. तिला आरपार भोक पाडून त्यात पाइप घातला होता आणि त्यातून नव्या वायरी न्यायच्या होत्या. ते पडवीतून वायर आत सोडायचे, मी माजघरात बसून ओढायची. एकदम ओढली तर साल निघते, म्हणून सावकाश, त्यांनी सांगितलं तेवढीच. त्या दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. पाइपातून त्यांचा आवाज माझ्या कानाशी येत होता. समोरासमोर त्यांचा आवाज इतका जवळून मी कधी ऐकला नव्हता.

"ओढ. बस. थांब जरा."

मी थांबले.

"तुला वाईट वाटलं ना? त्या दिवशी, बॅग उघडली तेव्हा."

मी भिंतीकडे पाहत राहिले. "नाही."

"भिंत आहे मध्ये. खरं सांग."

"वाटलं," मी म्हणाले.

मग ते सांगायला लागले. तिथं त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक जण होता. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण डबा एकत्र उघडायचे. तो आपल्या मुलीचा फोटो उशीखाली ठेवायचा, रोज दाखवायचा, जणू पहिल्यांदाच दाखवतोय. एका इमारतीत बोर्ड बदलायचा होता. मेन बंद आहे, असं कुणीतरी ओरडून सांगितलं. त्यानं ऐकलं आणि हात घातला.

"मी त्याच खोलीत होतो. पाठमोरा. मला कळलंच नाही. आवाजच झाला नाही काही."

मला पडवीतली बालदी आठवली. मी वायर घट्ट धरून बसले होते.

"त्याची पेटी मी बांधली. मुलीसाठी घेतलेल्या बाहुल्या होत्या. नंतर पंधरा दिवसांनी तुझं पत्र आलं, आईला करंट बसला म्हणून. रात्रभर बसून होतो. सकाळी दुकानात गेलो आणि हा बोर्ड घेतला. साडीचं लक्षातच आलं नाही."

"अहो," मी म्हणाले.

"तू मुसळानं तारेवर मारलंस. हातानं धरून ओढलं असतंस तर?"

"धरणारच होते. मुसळ हातात होतं म्हणून."

पलीकडून हळूच आलं, "ओढ." मी ओढली. लाल वायर सरकत आली, तिच्यावर त्यांच्या हाताची ऊब होती, किंवा मला तसं वाटलं.

शेवटची वायर येत असताना त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी काय आणू?"

"घडीची छत्री," मी म्हणाले. "फुलांची."

ते हसले. पाइपातून ते हसणं फार मोठं आलं. पुढच्या सुटीत त्यांनी ती आणली, आणि मी ती फाटेपर्यंत वापरली.

घटस्थापनेला नवी पेटी भिंतीवर चढली. मागं लाकूड नाही, नुसता गिलावा. प्रत्येक खटक्याखाली त्यांनी चिकटपट्टीवर आपल्या टपोऱ्या अक्षरात नावं लिहिली होती, माजघर, सैपाकघर, न्हाणी, विहीर, पडवी. शेवटच्या खटक्याखाली काही लिहिलं नव्हतं.

"हा कशाचा?" मी विचारलं.

"रिकामा आहे. परसाकडे एक खोली काढू. तिच्यासाठी."

लाइनमननं खांबावर वीज जोडली. यजमानांनी एकेक खटका वर केला. माजघर उजळलं, स्वयंपाकघर उजळलं. पडवीचा खटका वर करताच टक् असा आवाज झाला आणि सगळं घर विझलं. पुन्हा केला, पुन्हा विझलं. सासऱ्यांचा चेहरा जरा खुलला. "बघ, तुज्या बोर्डात पण खोट हाय."

"खोट बोर्डात नाही, बाबा. खोट त्यानं पकडली."

जुन्या वायरिंगमधली तेवढी एक पडवीचीच लाइन त्यांनी शिल्लक ठेवली होती. खांबावरची वीज पुन्हा बंद करून त्यांनी भिंतीवरची लाकडी पट्टी इंच इंच उघडली. भिंत अजून पावसानं ओलसर होती. एका जागी पट्टीतून, वायरीच्या बरोबर मधून एक खिळा भिंतीत गेला होता. कपडे वाळत घालायची तार याच खिळ्याला बांधलेली असायची. कोरड्या दिवसांत काही कळायचं नाही, पावसात भिंत आणि लाकूड ओलं झालं की वीज खिळ्यावर आणि खिळ्यावरून तारेवर यायची. तो खिळा कुणी ठोकला हे कुणालाच आठवेना. सासऱ्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा पाहिला. "येवढुसा हाय," ते म्हणाले, आणि तो केळीपलीकडे लांब भिरकावून दिला.

संध्याकाळी पडवीतला दिवा लागला. सासूबाई दारात उभ्या होत्या, पुढं येत नव्हत्या. यजमानांनी त्यांना बटण दाबायला लावलं नाही. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं आणि आतलं एक छोटं बटण दाखवलं. "आई, ह्ये घर बंद करायचं बटण. ह्ये दाबून कुणाला काय होत नाही. दाबलं की खटका पडला पाहिजे. पडला म्हंजी राखण जागी हाय."

"मी नाय दाबत."

"बरं."

ते बाजूला झाले. सासूबाई बराच वेळ पेटीकडे पाहत राहिल्या. मग पदरानं बोट पुसून त्यांनी ते बटण दाबलं. टक्. सगळं घर काळोखात गेलं आणि त्या काळोखात सासूबाई हसल्या. आषाढानंतर त्या हसल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाल्या, "मेलं रं घर. आता जित्तं कर."

त्या बटणाची परीक्षा महिन्यातून एकदा करायची असं यजमानांनी सांगून ठेवलं होतं. सासूबाईंनी ते अमावास्येवर लावून घेतलं. दर अमावास्येला दिवेलागणीच्या आधी त्या बोट पुसायच्या, बटण दाबायच्या, खटका पडला की मान हलवायच्या आणि मला म्हणायच्या, "जागी हाय गं." दसऱ्याला नव्या पेटीची पूजा झाली. कुंकू कुठं लावायचं यावर मायलेकांचं बोलणं झालं आणि ते शेवटी झाकणाच्या बाहेरच्या बाजूला लागलं.

दसऱ्यानंतर ते गेले. सुटीतले बहुतेक दिवस त्या कामात गेले होते, आणि मला त्याबद्दल त्यांच्यावर राग धरता येत नव्हता. जीप वळणावर दिसेनाशी झाली तशी मी पडवीत आले. भिंतीवरचा गिलावा अजून पुरता वाळला नव्हता, त्यावर एका ठिकाणी त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. त्यावर मी पुढं कितीतरी वर्षं कुणाला चुना लावू दिला नाही. उन्हाळ्यात केळीपाशी त्या खड्ड्यात पाणी घालायचं काम माझं होतं. सासरे म्हणायचे, हितं माती आपसूक ओली राहते, तू कशाला उगा घालतेस? मी घालायचीच.

वर्षं गेली. मुलगी झाली, तीन वर्षांची होईपर्यंत तिनं बापाला एकदाच पाहिलं. परसाकडे खोली निघाली. सासऱ्यांनीच ती बांधवली, भिंती झाल्या, कौलं चढली, पण आत वायर नव्हती. सासूबाई म्हणाल्या, खोपोलीहून वायरमन आणू, अर्ध्या दिवसाचं काम. मी नको म्हणाले.

"आगं, अंधारात किती दिस राहशील?"

"ते येऊन करतील."

"त्यो यायला वरीस हाय."

"असू दे."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विषय काढला नाही. मी आणि मुलगी त्या खोलीत राहायला गेलो. संध्याकाळी मी कंदील लावायची. सगळं घर विजेच्या दिव्यात असायचं आणि आमची खोली पिवळट उजेडात. शेजारणी हसायच्या. मला ते चालत होतं. ती खोली उजळायची ती त्यांच्याच हातानं, असं मी मनाशी धरून बसले होते, आणि ज्याची वाट पाहायची ते असं समोर, भिंती-छपरासकट असलं की वाट पाहणं थोडं सोपं जातं.

मग एकदा ते सुटीवर आले ते परत गेलेच नाहीत. तिकडचं काम संपलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी टेस्टर काढला, शेजारी जाऊन आले, आणि दुपारच्या जेवणाआधी खोलीत दिवा लागला. मुलगी टाळ्या पिटत नाचली. रिकाम्या खटक्याखाली त्यांनी चिकटपट्टी लावली आणि मला विचारलं, काय लिहू? मी म्हणाले, तुम्हाला हवं ते लिहा. त्यांनी लिहिलं, "आमची खोली."

हायवेला कुंभिवलीच्या बाजूला तेव्हा कारखाने निघत होते, त्यांतल्या एकात त्यांना नोकरी मिळाली. संध्याकाळी एसटीनं घरी. रविवारी मात्र ते घरी सापडायचे नाहीत. कुणाकडे म्हातारीला करंट बसलेला, कुणाकडे बोर्ड जळालेला, पंचक्रोशीतून बोलावणी यायची. सुरुवातीला मला राग आला. इतकी वर्षं परदेशानं नेला, आता गावं नेतात. मग मीही बरोबर जायला लागले. मुलगी आजीपाशी राहायची. मी त्या घरातल्या बायकांत बसायची, चहा प्यायची, आणि कुणाचं पोर वीज बंद आहे की चालू हे बटण दाबून बघायला निघालं तर त्याला धरून ठेवायची. यजमान शिडीवरून विचारायचे, "आहेस ना गं?" मी म्हणायची, "आहे."

आता ते नाहीत, आणि मी मुलीकडे शेलूला एका इमारतीत राहते, जिथं सगळ्या वायरी भिंतींच्या आत आहेत. गावाच्या घराची आठवण येते, पण त्याहून जास्त येते ती त्या रविवारच्या परतीची. काम संपून आम्ही हायवेला येऊन एसटीची वाट पाहत थांबायचो. उन्हं डोंगरामागं जात असायची. ते कठड्यावर बसून बोटांत रुतलेले तांब्याचे तुसे काढायचे, मी त्यांची पिशवी मांडीवर घ्यायची. डोंगरातल्या बायका करवंदांचे द्रोण घेऊन यायच्या, एक द्रोण आम्ही दोघांत संपवायचो. मालाचे ट्रक पुण्याकडे जात राहायचे. लांबवर लाल एसटी दिसली की ते उठून कपडे झटकायचे. मी जराशी बसूनच राहायची. ती आपली नसावी, आपली तिच्या मागून येणारी असावी, असं मला वाटायचं.